नमुना क्रमांक दोनशे बारा

पिशवीवर नाव नव्हतं म्हणून विचारलं.
"भागीरथी तारी. जमीन माज्या नावार नाय, पण लिव."

ओरोसच्या या खोलीत माती येते ती
दुधाच्या पिशव्यांतून, फरसाणाच्या पुड्यांतून,
एकदा तर लग्नपत्रिकेच्या पाकिटातून आली होती,
हळदीच्या बोटांसकट.
मी ती सावलीत वाळवते, ढेकळं फोडते,
दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळते,
वर उरतात ती मुळं, शिंपले, मुंगीचा अर्धा पंख
टोपलीत टाकते.
अकरा वर्षांत नखांत माती गेलेली नाही.
हातमोजे सरकारी आहेत, तरी चांगले आहेत.

तिची माती काळी, चिकट,
भरड उन्हात उघड्या पडलेल्या खाडीच्या वासाची,
वर पांढरी साय धरलेली.
यंत्राची दांडी द्रावणात बुडवली,
आकडा चढत गेला, थांबेचना.
म्हटलं, मावशी, क्षार फार आहेत,
तक्त्यात ही जमीन शेवटच्या रकान्यात बसते.

ती चिडली नाही.
पिशवीतून चिमूट उचलली, जिभेवर ठेवली,
डोळे मिटले,
आमटीत आमसूल पुरेसं उतरलं का बघावं तसे.
"अजून कडू आसा.
कडूपण गेला की पेरूचा. खारट रवला तरी चलता."
मग माझ्याकडे वळून,
"तुया कदी चाखलंस गो?"

नाही म्हणाले.

म्हणाले खरी, पण पाचवा महिना होता तेव्हा
याच टेबलावर कुडाळहून आलेल्या लाल मातीवर
पिपेटमधून पाणी सांडलं,
आणि असा वास उठला की
हात आपोआप तोंडाकडे गेला.
शिपाई परब चहा घेऊन आत आला, मी हात पुसला.
डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या.
घरी सांगितलं नाही.
मुलगा आता नववीत आहे, त्यालाही नाही.

जाताना तिने शेरभर तांदूळ टेबलावर ठेवला.
"कोरगुट. ह्याच मातयेचो."
मग सव्वाचारची एसटी येईपर्यंत बाकावर बसून बोलली,
भरती लागली की दीर झिलू उघाडीची फळी कसा टाकतो,
कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात
आणि मध्यरात्री कंदील धरून
चिखल-पेंढ्याचे बोळे कसे कोंबायचे,
एका वर्षी बांध फुटला तेव्हा
तीन वर्षं भाताऐवजी कोळंबी खाल्ली,
"ती पण बरीच होती म्हणा."
माझ्याकडे या सगळ्याला एकच रकाना आहे: विद्युत वाहकता.

रात्री तांदूळ धुवायला घेतला.
दुकानातला कोलम मी पाणी नितळ होईस्तोवर धुते.
हा धुतला तेवढा लाली सोडत राहिला,
शेवटी मीच हात काढला.
पेज उकळली. मुलगा म्हणाला, हा कसला वास?
सांगता येईना. खाडीचा म्हणावं, तर तसाही नाही.
मिठाच्या डब्यात चमचा घातला
आणि भरलेला तसाच परत ठेवला.
दोन वाट्या प्यायले. त्याने लोणचं मागून घेतलं,
पण वाटी पुसून खाल्ली.

सकाळी लवकर आले. परब यायचा होता.
अहवालावर संगणकाने छापलेलंच होतं:
लागवडीस अयोग्य.
दोनशे बाराची पिशवी उघडली.
हातमोजे खणातच राहिले.

आधी काहीच नाही, नुसता गारवा,
दाताखाली बारीक करकर.
मग कडू, घशापर्यंत, अगदी ती म्हणाली तसं.
आणि खूप वेळाने,
तोंड धुवायला उठावं की नाही हे ठरत नसताना,
जिभेच्या कडेला मीठ.

शेऱ्याच्या जागी पेनाने लिहिलं:
कडू आहे. थोडं थांबून पेरावं.
साहेब याच्याखाली सही करतील असं वाटत नाही.
चाळणीवरचा शिंपला टोपलीत टाकला नाही.
पेनांच्या डब्यात आहे.